हेडिंग्लेची भूल: इयान बोथमची कारकीर्द वानखेडेपासून वाचली तर

इंग्लंडचा अष्टपैलू इयान बोथम याचं नाव निघालं की गाडी थेट हेडिंग्लेच्या मैदानावर जाऊन थांबते. १९८१ चा जुलै, समोर ऑस्ट्रेलिया, फॉलोऑन, इंग्लंडच्या विजयावर ५०० ला १ असा भाव आणि नाबाद १४९. तो डाव थोर होताच, त्यात वाद नाही. पण त्या डावाच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली गेली. गोलंदाज म्हणून बोथम तोवर उताराला लागला होता. त्याचं शिखर सतरा महिने आधी, फेब्रुवारी १९८० मध्ये, आपल्या वानखेडेवर येऊन गेलं होतं.

आधी आकडे. वानखेडेची ती कसोटी त्याची पंचविसावी. ती संपली तेव्हा त्याच्या नावावर १,३३६ धावा होत्या, सरासरी ४०.४८, आणि १३९ बळी, सरासरी (म्हणजे दर बळीमागे दिलेल्या धावा) १८.५२. पुढे तो आणखी ७७ कसोट्या खेळला. त्यांत धावांची सरासरी साधारण ३२ वर आली आणि बळींची ३४ वर गेली. फलंदाजी नऊ धावांनी घसरली, गोलंदाजी मात्र पंधरा धावांनी महाग झाली. म्हणजे कारकिर्दीचा घात बॅटने केला नाही, चेंडूने केला. एकूण हिशेब (१०२ कसोट्या, ५,२०० धावा ३३.५४ ने, ३८३ बळी २८.४० ने, १२० झेल) बघताना हे दोन बोथम एकत्र मिसळतात आणि दोघांवरही अन्याय होतो.

वानखेडेची ती कसोटी क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ठेवलेली, एकुलती एक. इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाचा दौरा आटोपून थेट मुंबईत उतरला होता. सामना १५ तारखेला सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी विश्रांती, कारण १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. खेळपट्टीवर गवत होतं. वानखेडे समुद्राला लागून, त्यामुळे सकाळी हवा दमट आणि चेंडू हवेत वळायला तयार, हे मुंबईकरांना सांगायला नको. भारताचा पहिला डाव २४२, बोथम ५८ धावांत ६. मग इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. तिथून बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर यांनी १७१ धावा जोडल्या. टेलरला पंचांनी झेलबाद दिलं होतं, पण कर्णधार गुंडप्पा विश्वनाथने अपील मागे घेऊन त्याला परत बोलावलं. बोथम ११४, टेलर ४३, इंग्लंड २९६. भारताचा दुसरा डाव १४९, बोथम ४८ धावांत ७. इंग्लंडला ९६ हव्या होत्या, गूच आणि बॉयकॉटने एकही गडी न गमावता त्या काढल्या.

एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी, हे पुरुषांच्या क्रिकेटमध्ये त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. पण त्या धावफलकात शतकापेक्षा बोलकी ओळ आहे 'झे. टेलर गो. बोथम', म्हणजे झेल टेलरचा, गोलंदाज बोथम. ती इतक्या वेळा येते की छपाईची चूक वाटावी. टेलरने सामन्यात दहा झेल घेतले, तेव्हाचा विश्वविक्रम, आणि त्यांतले बहुतेक बोथमच्या चेंडूवर. बळींची ही जात गोलंदाजाबद्दल सगळं सांगते. चेंडू यष्टीच्या रोखाने येतोय असं वाटून फलंदाज बॅट पुढे करतो आणि चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर निघून कड घेतो. उशिरा वळणारा आउटस्विंगर. बोथमची सगळी इमारत या एका चेंडूवर उभी होती.

हा चेंडू कसा बनतो ते नीट पाहिल्याशिवाय पुढचा उतार कळत नाही.

पकड अगदी साधी. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही बाजूंना, अंगठा खाली शिवणीवर टेकलेला. शिवण सरळ फलंदाजाकडे नाही, जराशी पहिल्या-दुसऱ्या स्लिपच्या रोखाने वळलेली. चकाकी असलेली बाजू लेगकडे, खडबडीत बाजू स्लिपकडे. तिरक्या शिवणीमुळे स्लिपकडच्या बाजूची हवा खवळते आणि खवळलेली हवा चेंडूला जास्त वेळ धरून राहते. गुळगुळीत बाजूची हवा लवकर सुटते. या फरकामुळे चेंडू शिवणीच्या दिशेने ढकलला जातो. यासाठी अतिवेग लागत नाही. ताशी ११५ ते १३० किलोमीटरच्या पट्ट्यात तो छान वळतो. लागते ती शिवण. हातातून सुटल्यावर ती डळमळली तर तिरकेपणाचा काही उपयोग नाही. मनगट चेंडूच्या बरोबर मागे राहिलं आणि बोटं शेवटी शिवणीवरून खाली घसरली, तर चेंडू उलटा फिरत जातो आणि शिवण उभी राहते.

आता मनगट मागे ठेवायचं तर अख्खं शरीर आडवं व्हावं लागतं. मागचा पाय गोलंदाजीच्या रेषेला समांतर पडतो, डावा खांदा फलंदाजाकडे आणि गोलंदाज डाव्या दंडाच्या मागून डोकावून बघतो. पुढचा पाय थोडा आत येतो, उजवा हात डाव्या गुडघ्याच्या बाहेरून निघून जातो. तरुण बोथमचे फोटो काढून बघा, हे सगळं शाळेतल्या तक्त्यासारखं त्यात सापडतं. शिवाय तो यष्टीला अगदी खेटून चेंडू टाकायचा. खेटून टाकलेला चेंडू मधल्या-उजव्या यष्टीच्या रोखाने निघतो, फलंदाजाला खेळावंच लागतं, आणि तिथून तो बाहेर जातो. तोच आउटस्विंगर क्रीजच्या कडेवरून टाकला की फलंदाज त्याला सुखाने सोडून देतो. नवशिक्यांचं इथेच चुकतं. वळण भरपूर मिळतं, बळी मिळत नाहीत.

बोथम हे शिकला सॉमरसेट या काउंटी संघात, टॉम कार्टराइटकडून. कार्टराइट स्वतः इंग्लंडकडून खेळलेला मध्यमगती गोलंदाज, टप्पा आणि शिवण यांवर जगलेला माणूस. त्याआधी लॉर्ड्सवर एमसीसी या क्लबच्या ग्राउंड स्टाफमध्ये बोथमकडे कुणी गोलंदाज म्हणून फारसं गांभीर्याने पाहिलं नव्हतं. कार्टराइटने पाहिलं. हा धागा पुढच्या दंतकथांमध्ये हरवतो. बैलासारखा धावत येणारा, छातीठोक, बेफिकीर असं जे चित्र नंतर तयार झालं, त्याच्या बुडाशी एका शांत शिक्षकाची शिस्तीची शिकवण होती.

सुरुवातीचं थोडक्यात. जन्म नोव्हेंबर १९५५, चेशरमधलं हेसवॉल, बालपण सॉमरसेटमधल्या योव्हिलमध्ये. जून १९७४ मध्ये हॅम्पशरविरुद्ध बेन्सन अँड हेजेस चषकात अँडी रॉबर्ट्सचा उसळता चेंडू तोंडावर बसला, दात तुटले. रक्त थुंकून तो उभा राहिला आणि नाबाद ४५ करून एका गड्याने सामना काढला. हेल्मेटच्या आधीचा जमाना तो. कसोटी पदार्पण २८ जुलै १९७७, ट्रेंट ब्रिज, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ७४ धावांत ५, आणि पहिला बळी ग्रेग चॅपेल. तोही कसा, तर आखूड, ढिला चेंडू, चॅपेलने तो यष्टीवर ओढून घेतला. वाईट चेंडूवर बळी मिळवण्याचं नशीब त्याला पहिल्या दिवसापासून होतं. पुढे आउटस्विंगर आटला तेव्हा याच नशिबावर त्याने बरीच वर्षं काढली.

पाकिस्तानविरुद्ध १९७८ ची लॉर्ड्स कसोटी: १०८ धावा आणि एका डावात ३४ धावांत ८ बळी. १,००० धावा आणि १०० बळी हा टप्पा २१ कसोट्यांत, तेव्हा सर्वांत जलद. या काळात त्याची फलंदाजीही लोक समजतात तशी अडाणी नव्हती. पवित्रा आडवा, बॅट सरळ खाली येणारी, डोकं स्थिर. ड्राइव्ह पुस्तकातला. फरक इतकाच की पुस्तकातला फटका तो जड बॅटने आणि पूर्ण झोक्याने मारायचा, त्यामुळे चुकलेला फटकाही सीमेपार जायचा. पुढे तो उलटा स्वीप मारायला लागला आणि १९८५ मध्ये एका एकदिवसीय सामन्यात त्यावर बाद झाला, तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष पीटर मे भलतेच नाराज झाले होते. आज शाळेतली मुलं तो फटका मारतात.

वानखेडेनंतर चार महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. एक, त्याची पाठ दुखावली. दोन, त्याला कर्णधार केलं. वय २४.

कर्णधारपदाबद्दल नेहमी म्हटलं जातं की ते त्याच्या स्वभावाला झेपलं नाही. असेलही. पण समोर कोण होतं ते बघा. १२ कसोट्यांपैकी नऊ वेस्ट इंडिजविरुद्ध, म्हणजे रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, क्रॉफ्ट, मार्शल यांच्यापैकी कुणीही चार, आणि फलंदाजीला रिचर्ड्स, ग्रीनिज, हेन्स, लॉइड. १९८० च्या उन्हाळ्यात इंग्लंड ही मालिका ०-१ हरलं, पुढच्या हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये ०-२. तोही दौरा कसला, तर गयानाची कसोटी रद्द झाली आणि बार्बाडोसच्या कसोटीदरम्यान सहायक व्यवस्थापक केन बॅरिंग्टन हृदयविकाराने गेले. एकूण हिशेब आठ अनिर्णित, चार पराभव, विजय शून्य. ते संघ बघता हा निकाल लाजिरवाणा म्हणता येत नाही. लाजिरवाणे आकडे त्याचे स्वतःचे: कर्णधार म्हणून २१ डावांत २७६ धावा, सरासरी १३.१४, आणि ३५ बळी ३३.०८ ने. दुखरी पाठ घेऊन आपणच किती षटकं टाकायची हे ठरवायचं काम ज्या गोलंदाजाकडे असतं, तो एकतर स्वतःला वापरत नाही नाहीतर थांबवत नाही. बोथम दुसऱ्या जातीचा.

वेस्ट इंडिजचा हा काटा शेवटपर्यंत निघाला नाही. त्यांच्याविरुद्ध २० कसोट्या, सरासरी २१.४०, एकही शतक नाही. सर्वोच्च धावसंख्या ८१, ती १९८४ ला लॉर्ड्सवर. त्याच सामन्यात त्याने एका डावात १०३ धावांत ८ बळीही घेतले होते, आणि इंग्लंड तरी नऊ गड्यांनी हरलं, कारण शेवटच्या दिवशी गॉर्डन ग्रीनिजने नाबाद २१४ ठोकल्या. चार वेगवान गोलंदाजांच्या ताफ्यापुढे फलंदाजाला पुढे पाय टाकायला चेंडू मिळत नाही. बोथमचा खेळ पुढच्या पायावरचा. इतकं साधं कारण आहे, त्यात मनोधैर्य वगैरे शोधायची गरज नाही.

जुलै १९८१, लॉर्ड्स. दोन्ही डावांत शून्य. पॅव्हेलियनमध्ये परतताना सभासदांनी त्याच्याकडे बघणंही टाळलं. त्याने कर्णधारपद सोडलं, माइक ब्रिअर्ली कर्णधार म्हणून परत आला, आणि दोन आठवड्यांत ते प्रसिद्ध हेडिंग्ले.

ऑस्ट्रेलिया ९ बाद ४०१ डाव घोषित, यातही बोथमचे ९५ धावांत ६. हे लोक विसरतात. इंग्लंड १७४, बोथम ५०. फॉलोऑन. दुसऱ्या डावात ७ बाद १३५, डावाचा पराभव टाळायलाही ९२ हव्या होत्या. तिथून ग्रॅहम डिली (५६) बरोबर ११७, ख्रिस ओल्ड (२९) बरोबर ६७, आणि बॉब विलिस (२) बरोबर ३७. बॅट गूचची उसनी घेतलेली. ३९ वरून १०३ पर्यंत बोथम कसा गेला बघा: चौदा चौकार, एक षटकार आणि दोन एकेरी धावा. शतक ८७ चेंडूंत, त्यातल्या ८२ धावा सीमेपार. एकूण १४८ चेंडूंत नाबाद १४९, २७ चौकार.

आता हा डाव कोरड्या नजरेने पाहिला तर त्यात कडा घेऊन स्लिपवरून गेलेले चेंडू बरेच आहेत. खेळपट्टीला भेगा होत्या, उसळी कमीजास्त होत होती. अशा खेळपट्टीवर अर्धवट बॅट लावणारा मरतो. पूर्ण झोक्याने मारणाऱ्याची कड लागली तरी ती स्लिपच्या हातांवरून जाते. ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिली, ऑल्डरमन, लॉसन थकत गेले आणि कर्णधार किम ह्यूज फिरकीपटू रे ब्राइटकडे फार उशिरा वळला. बोथमने विचार करून हे केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सामना गेलाच आहे असं धरून तो खेळला, आणि त्या खेळपट्टीवर नेमकं तेच शहाणपणाचं ठरलं. लक्ष्य १३०, विलिस ४३ धावांत ८, ऑस्ट्रेलिया १११. इंग्लंड १८ धावांनी.

फलंदाजी म्हणून मात्र ओल्ड ट्रॅफर्डचा डाव वरचा. पाचवी कसोटी, सहाव्या गड्यासाठी ख्रिस टॅव्हरेबरोबर १४९ ची भागी, त्यात टॅव्हरेच्या २८. बोथमने पहिल्या ५३ चेंडूंत २८ केल्या. शांत, पाय हलवत, चेंडू सोडत. मग नवा चेंडू आला आणि पुढच्या ४९ चेंडूंत ९०. लिलीला हेल्मेटशिवाय, नाकासमोरून हुक करून षटकार. १०२ चेंडूंत ११८, सहा षटकार. हेडिंग्लेवर दैवाचा हात होता, इथे फक्त बॅट.

मधली एजबॅस्टनची कसोटी गोलंदाजाच्या दृष्टीने सगळ्यांत गंमतीची. ऑस्ट्रेलियाला १५१ हव्या, ४ बाद १०५. बोथमला चेंडू हातात घ्यायचाच नव्हता, ब्रिअर्लीने गळी उतरवलं. मग २८ चेंडूंत एक धाव देऊन पाच बळी: मार्श, ब्राइट, केंट, लिली, ऑल्डरमन. यांत तीन त्रिफळाचीत आणि एक पायचीत. वानखेडेच्या 'झे. टेलर'च्या रांगेशी हे ताडून बघा. चेंडू आता फारसा बाहेर जात नव्हता. तो सरळ, जोरात, यष्टीवर येत होता आणि समोरचे फलंदाज हेडिंग्लेच्या धक्क्याने आधीच अर्धे बाद झाले होते. बळींची जात बदलली होती. तेव्हा हे कुणी पाहिलं नाही, कारण पाच बाद एकपुढे पाहायचं तरी काय?

त्या मालिकेचा शेवटचा आकडा सगळ्यात महागात पडला असावा. ओव्हलच्या सहाव्या कसोटीत त्याने पहिल्या डावात ४७ षटकं टाकली आणि दुसऱ्या डावात ४२. एका कसोटीत ८९ षटकं, १० बळी. मालिकेत ३४ बळी २०.५८ ने आणि ३९९ धावा. दुखऱ्या पाठीच्या गोलंदाजाला एका सामन्यात ८९ षटकं टाकू देणारा संघ आज सापडणार नाही. फिजिओ कर्णधाराच्या हातून चेंडू काढून घेईल.

पाठ गेली की गोलंदाजीत नेमकं काय बिघडतं? पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. आडव्या शैलीत त्याच क्षणी धड वळत असतं आणि डावीकडे झुकतही असतं. कंबरेच्या खालच्या मणक्यांवर हा पिळा पडतो. पाठ ताठरली की शरीर तो पिळा टाळायला बघतं: मागचा पाय नकळत फलंदाजाकडे वळतो, कंबर आधीच उघडते, खांदे मात्र सवयीने आडवे राहायला बघतात. वर एक दिशा, खाली दुसरी. यात पाठीवरचा ताण उलट वाढतो. आणि चेंडूचं काय होतं? छाती उघडली की हात बाहेरून येतो, मनगट चेंडूच्या बाजूला सरकतं, शिवण डळमळते. आउटस्विंगर सरळ जायला लागतो नाहीतर आत घसरतो. वेग चार-पाच किलोमीटरने उतरला की वळण्यासाठी पुढे टाकलेला चेंडू हाफ व्हॉली, म्हणजे ड्राइव्हला सोपा, होतो. मग गोलंदाज टप्पा मागे ओढतो, आणि मागे ओढलेला चेंडू वळायच्या आत बॅटवर येतो. वजन वाढलं तर हे सगळं आणखी लवकर. बोथमचं वाढलं होतं.

त्याच्या पहिल्या २०२ बळींची सरासरी २१.२०, उरलेल्या १८१ ची ३६.४३. फलंदाजीत पहिल्या ५१ कसोट्यांत ११ शतकं, पुढच्या ५१ त तीन. कपिल देव याच जमान्यातला, तोही आउटस्विंगरवर जगणारा. त्याने ४३४ बळी घेतले आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकवली नाही. कपिलची उडी हलकी, अंग सडसडीत, शेवट मोकळा. पाकिस्तानच्या इम्रान खानचं तर उलटंच: उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा सरस, कारकिर्दीची सरासरी फलंदाजीत ३७.६९ आणि गोलंदाजीत २२.८१. न्यूझीलंडच्या रिचर्ड हॅडलीने धावत येण्याचं अंतर कमी केलं, शरीर वाचवलं आणि ४३१ वर थांबला. या चार अष्टपैलूंत थोर कोण, या भांडणात इंग्रज मंडळी बोथमला वर ठेवतात. पंचविसाव्या कसोटीपर्यंत थांबायचं असेल तर मान्य.

भारताविरुद्ध मात्र त्याची बॅट शेवटपर्यंत चालली. १९८१-८२ च्या दौऱ्यात कानपूरला १४२. पुढच्या उन्हाळ्यात ओल्ड ट्रॅफर्डला १२८ (त्याच कसोटीत आपल्या संदीप पाटीलने विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, त्यामुळे १२८ कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत). आणि ओव्हलला २२६ चेंडूंत २०८, त्याची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या. त्या डावात सुनील गावसकर सिली पॉइंटला उभा होता. बोथमचा फटका थेट नडगीवर बसला, हाड मोडलं, आणि गावसकर त्या कसोटीत फलंदाजीला येऊ शकला नाही. जड बॅटच्या पूर्ण झोक्यासमोर तीन-चार पावलांवर उभं राहण्याची किंमत ती.

उत्तरार्ध टाकाऊ होता असंही नाही. १९८५ च्या ॲशेसमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेत, तो पुन्हा खरोखर वेगाने धावला आणि ३१ बळी घेतले. त्याच मोसमात प्रथम श्रेणीत ८० षटकार मारले. १९८६ मध्ये गांजा ओढल्याची वृत्तपत्रात कबुली दिली म्हणून दोन महिने बंदी, आणि परतल्यावर ओव्हलवर न्यूझीलंडविरुद्ध पहिल्याच चेंडूवर ब्रूस एडगर बाद. त्या चेंडूने लिलीच्या ३५५ बळींशी बरोबरी झाली आणि पुढच्याच षटकात जेफ क्रो पायचीत होऊन विक्रम त्याच्या नावावर. १९८६-८७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रिस्बेनला १३८, मर्व्ह ह्यूजच्या एका षटकात २२. कसोटीतलं ते शेवटचं शतक.

पण अभ्यासायची असेल तर त्याच दौऱ्यातली मेलबर्नची गोलंदाजी अभ्यासावी. बरगडीजवळचा स्नायू दुखावल्याने तो ॲडलेडची कसोटी खेळला नव्हता. मेलबर्नला थोडंसंच धावत येऊन, अर्ध्या वेगाने टाकत होता, आणि ४१ धावांत ५ बळी घेऊन गेला. दुसऱ्या बाजूने ग्लॅडस्टन स्मॉलने उरलेले पाच, ऑस्ट्रेलिया १४१. चेंडू साधेच होते. फलंदाज बोथम या नावापुढे बाद होत होते. समोर बोथम आहे म्हणजे काहीतरी घडणार, ही भीती, आणि हळू आलेला चेंडू मारायचा मोह. वानखेडेला त्याने फलंदाजांना चेंडूने चकवलं होतं, मेलबर्नला लौकिकाने.

१९८६ च्या अखेरीस सॉमरसेटने त्याचे तिथले सहकारी रिचर्ड्स आणि गार्नर यांना काढलं, निषेध म्हणून बोथमही निघाला. वूस्टरशर, मध्ये एक मोसम क्वीन्सलँड, शेवटी डरहॅम. १९८८ मध्ये पाठीची शस्त्रक्रिया करून मणके जोडून घ्यावे लागले. जोडलेल्या मणक्यांनी आडवी शैली परत येत नाही, तरी १९९२ च्या विश्वचषकात त्याने सोळा बळी काढले. सिडनीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३१ धावांत ४ आणि सलामीला येऊन ५३. वय ३६. मध्यमगती, यष्टीवर, टप्पा न सोडता. कार्टराइटची शिकवण शेवटी तेवढी उरली होती.

स्लिपमधल्या बोथमबद्दल कुणी लिहीत नाही. १२० झेलांपैकी बरेच दुसऱ्या स्लिपमधले. इतरांपेक्षा तो हातभर पुढे उभा राहायचा, आणि वाकून हात गुडघ्यांवर टेकलेले. प्रशिक्षक हे शिकवत नाहीत, कारण गुडघ्यावरून हात उचलण्यात वेळ जातो आणि पुढे उभं राहिलं की तो आणखी कमी पडतो. पण पुढे उभं राहिल्याने समोर पडणारी कड हातात येते. नजर तेवढी तेज असेल तरच हा सौदा परवडतो. त्याला परवडला. मुलांना हे दाखवू नये.

शेवटची कसोटी जून १९९२, लॉर्ड्स, पाकिस्तानविरुद्ध. ३८३ बळींचा इंग्लंडचा विक्रम पुढे तेवीस वर्षं टिकला. एप्रिल २०१५ मध्ये अँटिग्वात जेम्स अँडरसनने तो मोडला, स्वतःच्या शंभराव्या कसोटीत. ३८४ वा बळी दिनेश रामदिन. चेंडू मधल्या रोखाने आला, बाहेर निघाला, कड घेऊन पहिल्या स्लिपमध्ये ॲलिस्टर कुकच्या हातात गेला.